छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

*ताई,*

*मी सव्वीस वर्षांचा, मूळचा लातूरचा, बी. ई. सिव्हिल. पुण्यात शहरविकासाच्या एका सल्लागार कंपनीत तीन वर्षं आहे. छोट्या नगरपरिषदांच्या पाणीपुरवठ्याचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करतो. म्हणजे घरोघर पाहणी, नकाशे, कोष्टकं. एका पाहणीत मी स्वतःहून एक रकाना वाढवला होता : पाणी आठ दिवसांनी येतं, तर घरात साठवण किती लिटरची? साहेबांनी तो परिशिष्टात टाकला.*

*आता कंपनी माहितीपुस्तिका छापतेय. प्रत्येकाने दीडशे शब्दांत आपला परिचय द्यायचा, आजवरची कारकीर्द आणि वैयक्तिक आवडी. नावाखाली 'अर्बन पॉलिसी कन्सल्टंट' असं येणार. ते वाचून माझं मलाच हसू येतं. मी पाइपाचे व्यास काढणारा माणूस. सुरुवात मी 'बालपणापासून शहरांच्या प्रश्नांविषयी आस्था' अशी केलीय. खरं तर २०१६ साली रेल्वेने पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभा होतो, तिथून हे सुरू झालं. आवडींत वाचन, संगीत, प्रवास लिहिलंय. खरी आवड सांगायची लाज वाटते. गावी गेलो की पहाटे गंजगोलाईत जाऊन बसतो आणि कोण कुठे, किती वाजता माल मांडतो ते वहीत उतरवतो. अकरावीपासून नऊ वह्या झाल्यात. एका पानाची झेरॉक्स सोबत जोडतोय. वडील आडत दुकानावर मुनीम आहेत, ते म्हणतात, असल्या छंदाने पोट भरतं का? साहेब म्हणतात, प्रोफेशनल वाटेल असं लिही.*

*काय लिहू? पुढे शिकायला जाऊ का? फोटो कोणता देऊ? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.*

*— अर्धवट सल्लागार*

प्रिय अर्धवट,

अरे-तुरेच करते, माझा धाकटा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. उत्तराला पंधरा दिवस लागले ते त्या झेरॉक्समुळे. पान टेबलावर होतं आणि येता-जाता मी त्यात डोकं घालत होते. त्याच्याकडे मागाहून येते, आधी नावाखालच्या त्या तीन शब्दांचं बघू.

हा धंदाच आपल्याकडे तसा नवा आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ ची, लागू झाली जून १९९३ पासून. बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे द्यायचे अठरा विषय आले. विषय आले, ते सांभाळणारी माणसं काही आली नाहीत. मग डिसेंबर २००५ मध्ये शहरांच्या विकासाला पैसे देणारी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली, कचेऱ्यांत सगळे तिला 'जेनर्म' म्हणायचे. पैसे पाहिजेत तर आधी शहराचा विकास आराखडा सादर करा, अशी अट. तो लिहायला पालिकेत माणूस नाही, म्हणून बाहेरून बोलवा. त्या लाटेत माझ्यासारखे कितीतरी जण एका रात्रीत 'सल्लागार' झाले. २०१५ मध्ये केंद्राच्याच स्मार्ट सिटी आणि अमृत या योजना आल्या आणि दुसरी लाट आली. तेव्हा तुला तो शब्द अंगाला मोठा होतो असं वाटत असेल, तर सुरुवातीला तो सगळ्यांनाच ढगळ होत होता. मला तर गुडघ्यापर्यंत.

सिव्हिल इंजिनिअरने पाइपापुरतं राहावं असाही काही दंडक नाही. मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ चा. तो आखणारे शिरीष पटेल सिव्हिल इंजिनिअरच होते. त्याच वर्षी त्यांनी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या आर्किटेक्टांबरोबर खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवायची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ निघालं तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत नियोजनाची धुरा त्यांच्याकडे होती आणि पुढे आयुष्यभर ते एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), दाटी, झोपडपट्टी पुनर्वसन यांवर लिहीत राहिले. त्यांचं लिखाण वाच. माणसामागे घरात जागा किती, रस्ता किती, मैदान किती, हे आधी मोजणार आणि मग तोंड उघडणार. व्यास काढणाऱ्याला ही रीत परकी वाटायला नको.

आणि पाइप कुठे संपतो, धोरण कुठे सुरू होतं, ते तुझ्याच गावच्या पाण्यावर बघ. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली ती दहा डब्यांची, साधारण पाच लाख लिटर पाण्याची. पुढे पन्नास डब्यांची येऊ लागली, म्हणजे पंचवीस लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर ३ लाख ८३ हजारांचं. भागाकार कर, माणशी साडेसहा लिटर येतात. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी ओढून आणायचं आणि एका मोठ्या गाडीत माणशी अर्धी बादलीसुद्धा नाही. तुझ्या डीपीआरमध्ये भुयारी गटार असलेल्या गावाला माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या आकड्यावर व्यास निघतो, ठीक. पण धरणात पाणीच नसताना ते साडेसहा लिटर आधी कोणाला? टँकर कुठल्या गल्लीच्या तोंडाशी उभा करायचा? ज्याच्या घरावर दोन हजार लिटरची टाकी आहे आणि जो घागर घेऊन उभा आहे, त्या दोघांची पाणीपट्टी एकच का? पाणी भरायच्या जागी तेव्हा १४४ कलम, म्हणजे जमावबंदी, लावायची वेळ आली ती नक्की कोणत्या महिन्यात चुकल्यामुळे? यातलं एकही उत्तर व्यासात सापडत नाही. तू जो साठवणीचा रकाना वाढवलास, तो या प्रश्नांकडे जाणारा आहे. साहेबांनी परिशिष्टात टाकला तर टाकू दे. परिचयात तो पहिल्या तीन ओळींत आला पाहिजे.

म्हणजे छापू देत ते तीन शब्द. त्यांच्याखाली तू काय लिहितोस यावर ते शोभतात की नाही ते ठरेल.

इथे माझी एक लबाडी सांगते. मी बी.कॉम. एका नगरपरिषदेत कर विभागात कनिष्ठ लिपिक होते. सहा वर्षं घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, मार्चमध्ये शिपायाबरोबर जप्तीच्या नोटिसा डकवत फिरले. मग अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची पदविका केली. १९२६ पासूनची संस्था आहे, पालिकेतल्या माणसाला तिचं नाव सांगावं लागत नाही. पुढे कचरावेचकांबरोबर काही वर्षं काम केलं आणि जेनर्मच्या लाटेत सल्लागार झाले. पहिला परिचय लिहिला तेव्हा लिपिकपणाची सहा वर्षं मी 'नगर प्रशासनाचा सखोल अनुभव' अशा गुळमुळीत शब्दांत गुंडाळून टाकली. आजूबाजूला सगळे आर्किटेक्ट आणि परदेशात शिकून आलेले, त्यांच्यात पावत्या फाडणारी कोण सांगणार?

वर्षभराने एका बैठकीत एका शहराच्या कराची आकडेवारी पडद्यावर आली. मागणी एवढी, वसुली एवढी, निम्मी थकबाकी. आमच्या टीममधल्या हुशार मुलाने लगेच उपाय मांडला, ऑनलाइन भरणा आणि लवकर भरणाऱ्याला सवलत. मला राहवलं नाही. म्हटलं, आधी मागणीचं रजिस्टर उघडा. त्यात दहा वर्षांपूर्वी पडलेला वाडा अजून उभा असतो. एकाच घराची बापाच्या नावाने एक नोंद आणि मुलाच्या नावाने दुसरी. चार भावांच्या वाटण्यांत अडकलेलं घर, कोर्टात गेलेली गिरणी, सरकारी कचेरी, सगळ्यांची बाकी दरवर्षी पुढच्या पानावर ओढली जाते. ती बाकी ऑनलाइन कोण भरणार? खोलीत शांतता झाली. मग समोरचे अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, खिडकी नंबर तीन. त्या रात्री परिचय बदलला. आता त्यात पहिलंच वाक्य आहे : 'सहा वर्षं नगरपरिषदेत घरपट्टी वसुली.' गेली अठरा वर्षं मला बहुतेक कामं त्या वाक्यावर मिळाली आहेत.

म्हणून कारकीर्द लिहिताना क्रियापदं तपास. 'नेतृत्व केले', 'भरीव योगदान दिले', 'मोलाची भूमिका बजावली' हे शब्द सत्काराच्या मानपत्रात बरे. तू किती घरं फिरलास? किती नळजोडण्या तपासल्यास? आकडा तुझ्याकडे असणारच, पाहणीच्या फॉर्मवर तुझी सही आहे. तो लिही. काम तिघांनी केलं असेल तर 'तिघांच्या गटात' असं लिही, कमीपणा येत नाही. निविदेला जोडतात तो सीव्ही वेगळा, त्याचा नमुना ठरलेला असतो. जागतिक बँकेच्या पद्धतीत त्याला टेक-६ म्हणतात. तिथे वर्षांना गुण, तशाच पूर्वीच्या कामांना गुण, आणि शेवटी तुझी सही. तिथे कोणी साहेब म्हणाला की 'टीम लीडर लिहून टाक, कोण बघतंय', तर टाकू नकोस. सही साहेबांची नसते. छंदाला त्या फॉर्मात जागाच नाही, त्यामुळे छंद लिहायची संधी आयुष्यात या असल्या पुस्तिकेतच मिळते. ती 'वाचन, संगीत, प्रवास' यावर घालवू नकोस.

मी मध्यंतरी एका छाननी समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसले होते. दुपारी चार वाजता, पोटात समोसा, पुढ्यात पुस्तिकांचा ढीग. वाचन-संगीत-प्रवासवाले एकमेकांत इतके मिसळून गेले की नावंसुद्धा आठवत नाहीत. एकाचं आठवतं. भूजलाचा माणूस होता. त्याने लिहिलं होतं, 'सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, साफ करतो, आतापर्यंत अकरा.' समितीतले एक निवृत्त अभियंता जागे झाले. म्हणाले, याला बोलवा. सादरीकरणात त्याला पहिला प्रश्न बारवेचाच विचारला. गाळ काढल्यावर पाणी किती दिवसांनी वर येतं? तो जे वीस मिनिटं बोलला, झरे कुठल्या बाजूने लागतात, शेजारी बोअर पडले की काय होतं, गावात गाळ कोणाच्या शेतात टाकायचा यावरून भांडण कसं पेटतं, ते त्याच्या अहवालातल्या चाळीस पानांपेक्षा जास्त उपयोगी होतं.

आणि हे आजचं नाही. पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्राचे, स्कॉटलंडचे. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, गावोगावच्या नगररचनेचे अहवाल लिहिले, १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. या गेडिसना मोठमोठे देखावे आणि मिरवणुका बसवायची हौस होती, एडिंबरात असतानाही त्यांनी असले खेळ केले होते. इंदूरचं काम आलं तेव्हा गावात प्लेगची भीती. त्यांनी जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या वाटेवरची घरं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या वाटेने जाईल. लोक कामाला लागले, गल्ल्यांमधून कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर काढले आणि शेवटी जाळले. नोटीस नाही, दंड नाही. मिरवणुकांची हौस नसलेल्या माणसाला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

उलट बाजूचं उदाहरण माझं स्वतःचं आहे, आणि ते सांगताना अजून कान गरम होतात. एका तालुक्याच्या गावी भाजी मंडई बांधायची होती. रस्त्यावर बसणाऱ्या बायकांना छप्पर मिळेल, रस्ता मोकळा होईल, सगळं छान. अहवाल मी लिहिला. ओटे कमरेइतके उंच घेतले, कारण गिऱ्हाइकाला वाकावं लागू नये. नळ, गटार, दिवे, सगळं होतं. उद्‌घाटन झालं, नारळ फुटला, आणि पंधरा दिवसांत सगळ्या बायका परत रस्त्यावर. मी तणतणत गेले. कोथिंबीरवाल्या मावशी जुड्या सोडवत होत्या. त्यांनी मला बाजूला बसवून घेतलं आणि विचारलं, "बाई, सत्तर किलोचं पोतं त्या ओट्यावर कोण चढवणार? हमाल वर चढवायचे वेगळे पैसे मागतो. आन् माझे गुडघे बघा. एकदा वर चढले की दिवसभर उतरायचं नाही, मग लघवीला कसं जाऊ?" दुसरी म्हणाली, टेम्पो आत वळत नाही, पहाटेचा माल बाहेरच उतरतो, आणि जिथे माल उतरतो तिथे पहिलं गिऱ्हाईक येतं. तासाभरात मला सगळं कळलं. तो तास मी अहवालाआधी द्यायला हवा होता. मी गेले होते, नाही असं नाही, पण सकाळी अकराला, पालिकेच्या गाडीतून, हातात टेप घेऊन. पहाटे पाचला कधी गेले नव्हते. मला बाजार आवडत नव्हता, भाजी घरी पोहोचवणारा मुलगा होता. ते ओटे अजून आहेत, त्यांवर आता मोटारसायकलचे सीट कव्हर विकतात.

आता तुझं पान.

गंजगोलाई लातूरकरांना सांगायला नको, इतर वाचकांसाठी सांगते. निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेला हा गोल चौक, मधली इमारत १९१७ सालची. मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि बाहेर फुटणारे सोळा रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ असा एकेका रस्त्याचा आपला बाजार. तू हे सोळाही रस्ते क्रमांक घालून काढलेस आणि प्रत्येकावर चौकोन आखून त्यात वेळा लिहिल्यास. एका चौकोनात आहे : '५.१० दूध. ८.३० हार-फुलं. ११ नंतर छत्रीदुरुस्ती. ६ नंतर भेळ.' चार हात जागा आणि चार संसार.

हे मी का इतकी बघत बसले होते ते सांगते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा. त्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने जागा. समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. कायद्याच्या परिशिष्टात वेळा वाटून घेऊन एकाच जागी धंदा करण्याचाही उल्लेख आहे. पण मी पाहिलेली सर्वेक्षणं कशी होतात? कचेरी उघडल्यावर माणसं निघतात, साडेअकराला चौकात पोहोचतात, टॅबवर समोर दिसेल त्याचा फोटो. तुझ्या त्या चौकोनात त्यांना छत्रीवाला एकटा सापडेल. दूधवाला, हारवाली आणि भेळवाला कागदावर जन्मालाच येणार नाहीत, आणि पुढे कधी हटवाहटवी झाली की 'अनधिकृत' ठरतील. तुझ्या नऊ वह्यांत दहा वर्षांचा हा हिशेब तारीखवार पडून आहे. कोणत्या दुष्काळात कोण नाहीसं झालं, लॉकडाउननंतर कोण परतलंच नाही, हेही असेल. आणि तू म्हणतोस, लाज वाटते.

वडिलांचं म्हणशील तर, आडतीवरचा मुनीम आयुष्यभर काय लिहितो रे? कोण, कुठून, किती माल घेऊन, कोणत्या भावाने. त्यांना एकदा वही क्रमांक एक दाखव आणि खतावणी नीट लागली आहे का विचार. चुका काढतील. काढू देत.

परिचयाचा मसुदा करून देते. गाळलेल्या जागी तुझे खरे आकडे घाल, आणि माझे शब्द जड वाटले तर बदल :

'मूळ लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेने पाणी आलं तेव्हा रांगेत उभे होते. त्यानंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. तीन वर्षांत … नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा प्रकल्पांसाठी … घरांची पाहणी. पाणी आठवड्यातून एकदा येत असताना घरोघरी साठवण किती आणि तिचा खर्च कोणावर, याची नोंद या पाहणीत त्यांनी सुरू केली. सध्या पाणीपट्टीचे दर आणि पाण्याच्या वेळा यांवर काम करण्याची इच्छा. दहा वर्षांपासून लातूरच्या गंजगोलाईतील फिरत्या आणि बैठ्या विक्रेत्यांच्या वेळांची नोंद ठेवतात. नऊ वह्या झाल्या आहेत. मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी.'

शेवटचं वाक्य काढायचं असेल तर काढ, पण कामापुरतं असेल तर 'अस्खलित' लिहू नकोस, पहिल्याच बैठकीत फजिती होते. 'बालपणापासून आस्था' मात्र खोडच. साहेब प्रोफेशनल-प्रोफेशनल करायला लागले तर त्यांना विचार, तुमच्या पुस्तिकेत आणखी कोणाकडे एका चौकाचा दहा वर्षांचा हिशेब आहे? आणि मसुदा इंग्रजीत करताना वहीचं 'डेटा' होऊ देऊ नकोस. वही ही वहीच राहू दे. वाचणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसली पाहिजे.

शिक्षणाचं थोडक्यात. मुंबईत टिस, अहमदाबादला सेप्ट, पुण्यात सीओईपी, तिन्हीकडे या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण तिन्हींची तोंडं वेगळ्या दिशांना. नकाशा आणि जमीन वापर शिकायचा असेल तर नियोजनाचा अभ्यासक्रम, कारभार आणि धोरण शिकायचं असेल तर टिससारखा. तू दुसऱ्या वाटेचा वाटतोस. पण लगेच नोकरी सोडू नकोस. एक वर्ष असं कर : ज्या नगरपरिषदांचं काम केलंस त्यांची मागच्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं मिळव. वेबसाइटवर नसतील तर माहिती अधिकारात माग. पहिल्या पानावरची शिल्लक बघून भुलू नकोस, अंदाजपत्रक बहुतेक वेळा शिलकीच असतं. 'मागील वर्षाचे प्रत्यक्ष' हा रकाना बघ आणि तो अंदाजाच्या रकान्याशेजारी ठेव. पाणीपुरवठ्यावर वीजबिल किती आणि पाणीपट्टी किती आली, एवढे दोनच आकडे पाच वर्षांचे एका कागदावर लिही. ते करताना रात्री एक वाजला आणि कळलं नाही, असं झालं तर प्रवेशाचा अर्ज भर. कंटाळा आला तर तुझी दोन वर्षं आणि फी वाचली.

फोटो. टाय काढ. हाताची घडी घालून इमारतीसमोर उभा राहू नकोस, त्या पुस्तिकेत असे बाराजण असतील. साधा शर्ट, डोळे दिसतील असा उजेड, पुरे.

आणि एक मला हवंय. तुझ्या पानावर रस्ता क्रमांक सात, देवळाच्या बाजूचा दुसरा चौकोन. तिथे तू '६.१५ बांगड्या' लिहून खोडलंस आणि समोर फक्त प्रश्नचिन्ह काढलंस, तारीख नोव्हेंबरची. पुढच्या वहीत बघून मला कळव, ती बाई नंतर कुठे बसली?